टोपली तपासणारे काका

काका पहिल्यांदा भेटले ते आमच्या मागच्या अंगणात, आणि आम्ही त्यांना बोलावलेलं नव्हतं. सप्टेंबरातली शनिवारची सकाळ होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर कुंपणाच्या आतल्या बाजूला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, सत्तरीकडे झुकलेला एक माणूस आमच्या ब्लॅकबेरीच्या झुडपात कोपरापर्यंत हात घालून उभा. अमेरिकेतल्या आमच्या या बॉथेल गावात ब्लॅकबेरी कुणी लावत नाही. ती आपली आपण येते आणि काही केल्या जात नाही. तरी झुडूप आमचं होतं.

मी दार उघडून म्हणाले, "एक्स्क्यूज मी?"

"फोडणीत गोडा मसाला पडला ना आत्ता?" वळूनही न पाहता ते मराठीत म्हणाले. "पुण्याकडचे दिसता. हे पाहा, एवढं सारं वाया जाऊन राहिलं तुमच्याकडे."

ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला समजावलं, की फिनलंडमध्ये जंगल कुणाचंही असो, त्यातून चालायचा आणि त्यातली फळं वेचायचा हक्क सगळ्यांना असतो. बादली अर्धी भरली होती. निघताना त्यांनी त्यातल्या अर्ध्या ब्लॅकबेरी आमच्या पायरीवर ओतल्या आणि कुंपणाच्या मोडक्या फळीतून पलीकडे गेले.

मला कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय चैन पडत नाही. मी तो फिनलंडचा कायदा शोधून वाचला. त्यांनी सांगितलं ते खरं होतं, पण अर्धंच. घराचं अंगण त्या हक्कात येत नाही. पुढच्या शनिवारी ते परत दिसले तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं.

"अंगण कुठं संपते आणि जंगल कुठं सुरू होते," ते म्हणाले, "हे तू कुंपण घालून ठरवलं बाई. ब्लॅकबेरीला कोणी विचारलं नाही."

अशी ओळख झाली. पुढची बरीच वर्षं, म्हणजे गेल्या वर्षी काका-काकू मुलाकडे दूर अ‍ॅशबर्नला राहायला जाईपर्यंत, आमच्या घराचा प्रत्येक शरद ऋतू काकांच्या मागे मागे चालण्यात गेला.

काका मूळचे भंडाऱ्याचे. इंजिनिअर होऊन ते फिनलंडला गेले, टेलिफोनच्या कंपनीत अठरा वर्षं राहिले आणि नंतर नोकरीसाठीच इकडे आले. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते निवृत्त झाले होते. बोलणं भंडाऱ्याचं होतं, बाकी सगळं फिनलंडचं. मराठी मंडळाच्या गणपतीत ते भिंतीला पाठ लावून, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून उभे राहायचे. कुणी "काय काका, कसे आहात?" विचारलं, तर प्रश्न खरंच विचारलाय असं समजून विचार करायचे. तोपर्यंत विचारणारा प्रसादाच्या रांगेत पुढे गेलेला असायचा. उत्तर तयार झालं की काका रांगेत जाऊन त्याला गाठायचे आणि सांगायचे, "झोप बरी लागते. डावा खांदा मात्र दुखून राहिला."

पाऊस हे कारण त्यांना मान्य नव्हतं. आमच्याकडे ऑक्टोबरपासून जो पाऊस लागतो तो कोसळत नाही, नुसता हवेत असतो. माझा नवरा ठाण्याचा. पाऊस म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटायचं. एकदा तो म्हणाला, "काका, जरा उघडू दे की, मग निघू." काका म्हणाले, "इथं पाऊस थांबायची वाट पाहणारा माणूस मे महिन्यात घराबाहेर पडते." आणि निघाले. आम्हीही निघालो. मागे राहायला काही कारण उरलं नव्हतं.

एका नरकचतुर्दशीला त्यांनी अभ्यंगस्नान तळ्यात करायचं ठरवलं. फिनलंडमध्ये ते शरदात रोज तळ्यात उतरायचे म्हणे. हे मी पाहिलेलं नाही, काकूंकडून ऐकलेलं आहे. इथलं मात्र मी काठावर उभं राहून पाहिलं. काका गळ्यापर्यंत पाण्यात आणि चेहऱ्यावर देवघरात बसल्यासारखी शांतता. माझा नवरा भिडेखातर आत शिरला, घोट्यापर्यंत पाणी आलं तसा तोंडातून एक आवाज काढून परत आला आणि टॉवेल गुंडाळून उभा राहिला.

"झालं तुझं?" काकांनी आतून विचारलं.

"झालं. पाप जेवढं होतं तेवढं गेलं, काका."

"घोट्यापर्यंतच होतं काय?"

त्यांनी उटणं आणलं होतं. तळ्यात उटणं लावणं बरं नाही असं मी म्हणाले, ते त्यांना लगेच पटलं. ते घरी गेले आणि बाथरूममध्ये उटणं लावून परत आंघोळ केली. त्यांच्याशी वाद घालायला मला आवडायचं ते यासाठी. मुद्दा बरोबर असला तर ते हरायला एक क्षणही लावत नसत.

पण काकांची खरी जागा जंगलात होती, आणि जंगलात जायचं ते अळंब्यांसाठी. टोपली, छोटा वाकडा चाकू, त्याच्या टोकाला माती झटकायचा ब्रश, शिकारीचे दिवस म्हणून सगळ्यांना शिकाऱ्यांच्या लांबून नजरेत भरतील अशी नारिंगी जॅकेटं, थर्मासमध्ये कॉफी, आणि राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावात भरलेला काकूंचा ठेचा. गाडीतून उतरलं की बोलणं बंद. काका बोलू नका असं सांगत नसत. ते स्वतः इतके गप्प होत, की आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटायचा. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. पहिल्या खेपेला ती माझ्या कानात म्हणाली, "इज ही मॅड ॲट अस?" मी नाही म्हणाले. थोड्या वेळानं काकांनी बोटानं तिला बोलावलं. पडलेल्या ओंडक्याच्या पलीकडे, शेवाळात, जर्दाळूच्या रंगाच्या, शँटरेल नावाच्या अळंब्या उमटल्या होत्या. काकांनी फक्त भुवया उंचावल्या. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

टोपली घरी आली की तपासणी. काकांच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि एकेक अळंबी त्यांच्या हातातून जायची. आधी उलटी करायची. खाली घड्या आहेत की सुटी सुटी पानं, हे बघायचं. मग देठ उभा फाडायचा, नाकाशी न्यायचा आणि तीनपैकी एका ढिगात ठेवायचा: खायच्या, फेकायच्या आणि शंकेच्या. शंकेचा ढीग शेवटी फेकण्याच्याच ढिगात जायचा. "मग वेगळा काहून करता?" असं मी त्यांच्याच भाषेत एकदा विचारलं. ते म्हणाले, "शंका होती हे तिला कळलं पाहिजे ना."

मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीचं काम करते. माल बाहेर जायचा की अडवायचा हे बघणाऱ्यांपैकी मी एक. शंका असलेल्या गोष्टीची बाजू घेऊन भांडणारी माणसं मी रोज बघते. काकांनी शंकेच्या अळंबीची बाजू कधी घेतली नाही, मग ती कितीही देखणी असो. म्हणून मी माझ्या मुलीला त्यांच्या टेबलावर जेवू देत होते.

मग काकांच्या डोळ्यांचं सुरू झालं. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट. ते आपल्याशी बोलताना आपल्या कानाकडे बघू लागले. डॉक्टरकडे मी त्यांना घेऊन गेले होते. झीज हळूहळू वाढेल, गेलेलं परत येणार नाही, एवढं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. काकांनी त्याच दिवशी गाडीची किल्ली काकूंच्या हातात दिली. कुणी सांगायच्या आधी, स्वतःहून.

टोपली मात्र त्यांनी कुणाकडे दिली नाही. जंगलात आता आम्ही वेचायचो आणि ते पायानं आणि नाकानं वाट काढत पुढे असायचे. टेबलावर मात्र तेच. अळंबी डोळ्याच्या कोपऱ्यात धरून मान तिरकी करून बघायचे, देठ फाडून बोट फिरवायचे आणि ढिगात ठेवायचे.

हे काही मला चालणार नव्हतं. पण ते थांबवायचं म्हणजे काय थांबवायचं, हेही मला कळत होतं. गाडी गेली होती, वाचन गेलं होतं. शरद ऋतूतली ही टोपली गेली की काका जंगलातही जाणार नाहीत. आपण कुणावर ओझं होऊन चालतोय असं ज्याला एकदा वाटलं, तो चालायचा थांबतो. मी काही दिवस विचार केला आणि एका दुपारी काका झोपलेले असताना काकूंकडे गेले.

काकू लहानखुऱ्या, गोऱ्या, बोलायला तिखट. जंगलात त्या कधीच येत नसत. गाडीत बसून फोनवर मालिका बघत. मी त्यांना सरळ सांगितलं, "काकू, मला आता भीती वाटते. काकांना दिसत नाही. माझी पोरगी खाते ते."

काकूंनी चहाचं आधण ठेवलं. "मी बघते ना."

"काय बघता?"

"त्यांचं झालं की स्वच्छ करायला माझ्याकडेच येतात. मी एकेक परत बघते. नको असलेली काढून टाकते. पहिल्या वर्षापासून, डोळ्याचं झालं तेव्हापासून."

"त्यांना माहीत आहे?"

"वेडी आहेस काय? सांगितलं तर बूट कपाटात टाकून घरी बसतील. मग दिवसभर तोंड कोण बघणार, मी!"

मी त्यांची परीक्षा घेतली. जरा ओशाळं वाटलं, पण घेतली. शँटरेल आतून कशी? पांढरी. तिची नक्कल? आतून पिवळसर. खाली सुटी पानं दिसली तर? फेकायची. नरसाळीचा देठ? पोकळ, नळीसारखा. नरसाळी हे काकांनीच ठेवलेलं नाव. तपकिरी टोपीची, पिवळ्या देठाची, खरोखर नरसाळ्याच्या आकाराची एक अळंबी असते, तिचं. काकूंचं एकही उत्तर चुकलं नाही.

"हे कधी शिकलात?"

"यांचंच पुस्तक आहे. दुपारी वाचते. बेकार चित्रं आहेत, पण समजतात."

दोघांच्या हातांतून टोपली जात असेल तर माझी हरकत नव्हती. मी गप्प बसले.

फिनलंडला जायचं काकांनीच काढलं. एकदा मी त्यांना डॉक्टरकडून परत आणत होते. रस्त्याकडेचे मेपल लाल झाले होते. काका काचेकडे तोंड करून म्हणाले, "रंग दिसते तोवर एकदा जाऊन यायचं आहे." काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अठरा हिवाळे काढले मी तिथं. फुकट तिकीट दिलं तरी नाही." मुलाला सुट्टी नव्हती. शेवटी आम्हीच निघालो, मी, नवरा आणि मुलगी. तिचं कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी सुरू होणार होतं.

निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "तिकडे मी नसेन. तू बघशील?"

"बघेन. पण मी लपवाछपवी करणार नाही, काकू."

"लपवू नको. फक्त सांगू नको."

मध्य फिनलंडमध्ये तळ्याकाठी एक लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. बर्च नुकतेच पिवळे व्हायला लागले होते. जमिनीवर ब्लूबेरीची झुडपं लाल झाली होती. झाडाखाली इतकं शेवाळ, की चालताना पावलाचा आवाज येत नव्हता. आणि काका बदलले. बॉथेलमध्ये ते पायरी उतरताना कठडा शोधायचे. इथे आमच्या पुढे चालत होते. मुळं कुठे असणार, खड्डा कुठे असणार, हे त्यांच्या बुटांना माहीत असावं. माझा नवरा दोनदा पडला, काका एकदाही नाही.

एका सकाळी समोरून एक म्हातारा आला, कुत्र्याला घेऊन. जंगल त्याचंच होतं. मी सवयीनं जरा बाजूला झाले, आपण परक्याच्या जागेत आहोत म्हणून. त्यानं काकांकडे पाहून दोन शब्द उच्चारले. काकांनी एक उच्चारला. तो गेला.

"काका, व्हॉट डिड ही से?" मुलीनं विचारलं.

"पुढं ओलं आहे म्हणे."

"अँड व्हॉट डिड यू से?"

"हो म्हटलं."

"दॅट्स इट? इट्स हिज फॉरेस्ट!"

"मग त्यानं काय भाषण करायचं?" काका म्हणाले, आणि जरा पुढे गेल्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, जंगलात मोठ्यानं हसले.

पुढे खरंच ओलं होतं, आणि त्या ओलीच्या कडेनं नरसाळ्या होत्या. एक दिसली की डोळा सरावतो आणि मग सगळीकडे त्याच दिसतात. शेवाळातून, पानांखालून, मुळांच्या बेचक्यांतून. आम्ही चौघं गुडघ्यांवर. काका हातानं चाचपून वेचत होते. दोन टोपल्या भरल्या. परतताना काका म्हणाले, "इथं हिची एक चुलत बहीण राहते. त्याच ओलीत, त्याच शेवाळात. ती खाल्ली की लगेच काही होत नाही. काही दिवसांनी समजते, तोवर मूत्रपिंडं गेलेली असतात. तिचा देठ भरीव. खाली सुटी पानं. तेवढं लक्षात ठेवा." हे ते मुलीला सांगत होते. मी जास्त लक्ष देऊन ऐकलं.

दुपारी खिडकीशी टेबल ओढून काका तपासणीला बसले. नवरा आणि मुलगी तळ्यात होडी घेऊन गेली होती. काकांनी वेळ घेतला. मान तिरकी, बोट देठात. अळंब्या एकामागून एक खायच्या ढिगात गेल्या. मग ते उठून चुलीत लाकडं सारू लागले आणि मी स्वच्छ करायच्या निमित्तानं ढिगाशी बसले. ब्रशनं माती काढायची, उलटी करायची, फाडलेला देठ उघडून बघायचा. पोकळ. पोकळ. पोकळ.

ढीग निम्मा झाला असेल तेव्हा ती हातात आली. टोपी जरा टोकदार, रंग जरा जास्त नारिंगी. फाडलेला देठ मी उघडला. आत नळी नव्हती. उलटी केली. खाली घड्या नव्हत्या, सुटी पानं होती, पुस्तकाच्या पानांसारखी.

मी ती जॅकेटच्या खिशात टाकली. उरलेल्या बघायला घेतल्या. 

"किती निघाल्या?" काकांनी चुलीकडे तोंड करूनच विचारलं.

"काय किती?"

"बाई, माझे डोळे गेले, कान नाही गेले. तू एकेक देठ उघडून पाहून राहिली. तुझी काकू कॉफीच्या चोथ्याखाली दाबून ठेवते. तू कुठं टाकली?"

मी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "खिशात."

"एकच?"

"आत्तापर्यंत एकच."

त्यांनी हात पुढे केला. मी ती त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी अंगठा देठावरून फिरवला, पुन्हा फिरवला, मग नखानं खालची पानं मोजल्यासारखी चाळली.

"भरीव," ते म्हणाले. "माझ्या हातातून गेली?"

"हो."

ते खुर्चीवर बसले. चुलीत लाकूड तडतडलं. बाहेर तळ्यावर मुलीचा हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता संपलं. काकू ज्याला घाबरत होत्या तेच झालं, आणि ते माझ्या हातून झालं.

"तुम्हाला माहीत होतं, तर मग तुम्ही चालू का ठेवलं?" मी विचारलं. मला गोल बोलता येत नाही.

"अठरा वर्षं इथं होतो," ते म्हणाले. "एकदा आली नाही जंगलात. म्हणे, डास, चिखल, थंडी. मी दर रविवारी जायचो, ती घरी. तिकडं बॉथेलला पण गाडीत बसते. तिचं म्हणणं बरोबर आहे, आवडत नाही तर नाही. मग माझे डोळे गेले. एक दिवस दुपारी मी पडलो होतो, झोप नव्हती. पानं उलटायचा आवाज आला. ते पुस्तक आहे ना माझं, त्याची पानं जाड आहेत, आवाज ओळखू येते. मी उठलो तशी तिनं ते झाकलं." त्यांनी अळंबी दुसऱ्या हातात घेतली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कोणत्याच गोष्टीचा तिनं अभ्यास केला नव्हता. आता टोपली आली की ती वाट पाहते, मी कधी उठतो. मग फाडते, वास घेते, स्वतःशी पुटपुटते. मी बाजूच्या खोलीतून ऐकतो."

"आणि तुम्ही सोडलं तर..."

"तर ती पण सोडन. तिला अळंबीचं काय? ती माझ्यासाठी करते, माझ्या नकळत करते म्हणून करते. समजलं तर म्हणन, आता तुमचं तुम्ही पाहा." ते अळंबी बोटांत फिरवत राहिले. "पण हे असं झालं. ही तुझ्या पोरीच्या ताटात गेली असती."

"गेली नसती. मी होते."

"तू होती. ती असते. मी कुठं आहे यात?"

याचं उत्तर मी विचार करून दिलं. आमच्या कामात पहिली तपासणी करणारा माणूस माल पास करत नाही. तो पहिली चाळणी असतो. पास करणारा शेवटी बसतो. पहिल्याची चूक दुसऱ्याला सापडली तर व्यवस्था मोडली असं नाही, ती चालली असं म्हणतात. मी म्हणाले, "काका, तुम्ही पास करताय असं तुम्ही समजायचं नाही. पास काकू करतात."

"ते तर पहिल्यापासूनच तसं आहे," काका म्हणाले. "फक्त तिला माहीत नाही."

मग ते उठले, दोन्ही टोपल्या आणि टेबलावरचा सगळा ढीग एकत्र केला. "ही सापडली म्हणून समजली. न सापडलेली किती आहेत ते आपल्याला माहीत नाही."

मीही तेच सांगणार होते. आम्ही दोघांनी ते सगळं घरामागे खड्डा करून पुरलं आणि टेबल गरम पाण्यानं दोनदा धुतलं. मुलगी परत आली तेव्हा रिकाम्या टोपल्या बघून म्हणाली, "ऑल ऑफ इट? सीरियसली? माय नीज आर डेड!"

"एकीत शंका आली," काका म्हणाले.

"वन! आउट ऑफ लाइक अ थाउजंड!"

"हजार नव्हत्या," मी म्हणाले. रात्री पाव आणि चीज खाल्लं. काकूंनी बांधून दिलेल्यातला उरलेला ठेचा नवऱ्यानं संपवला.

दुसऱ्या दिवशी काकांनी टोपली घेतली नाही. मला ते बघून वाईट वाटलं. पण ते चालत होतेच. तळ्याच्या कडेनं एका उघड्या खडकावर आम्ही कॉफी प्यायला बसलो असताना त्यांनी एकदम मान वर केली. मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. लांबून, घोगरं, बऱ्याच गळ्यांतून एकदम. क्रौंच दक्षिणेला निघाले होते.

"कुठं आहेत?" काकांनी विचारलं. मुलगी उठली, त्यांच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही खांदे धरून त्यांना हळूहळू फिरवत राहिली, पक्षी जातील तसतसं. "हियर. नाऊ हियर. स्टिल हियर." आवाज थांबल्यावरही तिनं हात काढले नाहीत. काकांनीही काढा म्हटलं नाही.

परत निघताना विमानतळावर ते मला म्हणाले, "तिला सांगू नको."

"विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"विचारणार नाही ती. मी ओळखतो."

आणि काकूंनी खरंच काही विचारलं नाही. "नीट खाल्लं का त्यांनी?" एवढंच विचारलं. "खाल्लं," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

ऑक्टोबरात, मुलगी कॉलेजला गेल्यानंतरच्या रविवारी, काकांचा फोन आला. "येता काय?" आम्ही गेलो. शँटरेल मिळाल्या, फार नाही. काकू गाडीतच होत्या. घरी आल्यावर वर्तमानपत्र पसरलं गेलं, काका बसले आणि एकेक अळंबी त्यांच्या हातातून जाऊ लागली. मान तिरकी, बोट फाडलेल्या देठावर. त्यांचा चेहरा बघून मला काही ओळखता आलं नाही. शंकेच्या ढिगात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त टाकल्या, एवढं मात्र मी पाहिलं.

शेवटची ठेवून झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि उठले. "मी बूट धुऊन येतो," ते मोठ्यानं म्हणाले.

मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. तो आठवडा आमच्याकडे नवल वाटावं इतका कोरडा गेला होता. बुटांना मातीचा ठिपकाही नव्हता.

काका बाहेर गेले. गॅरेजच्या बाजूचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. काकूंनी कपाटावरचा चष्मा घेतला, खायचा ढीग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला आणि मला म्हणाल्या, "तो वरचा दिवा लाव गं जरा." मी लावला. त्यांनी पहिली अळंबी उलटी केली, देठ उघडला, नाकाशी नेला आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या.

बाहेर नळ चालू राहिला, बराच वेळ.